जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही सांगितलेल्या किमतीला घ्यावी का? कोल्हापुरात पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने माझ्या गाडीचं कार्पेट उचललं आणि खालचा फोम बोटाने दाबला. पाणी आलं नाही, पण बोटाला पिठासारखी मऊ, तपकिरी माती लागली. शेतातली नव्हे, नदीची. वायरिंगच्या जाड गुंडाळ्यावरची टेप त्याने सोडवली, तर आतल्या जोडाच्या पिना हिरव्या पडलेल्या. "साहेब, ही गाडी पुरात होती," एवढंच तो म्हणाला.

ती डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही मी जानेवारी २०२० मध्ये घेतली होती. ओळखीतून, सिंगल हँड, बाहेरून चकाचक. बाजारभावापेक्षा साठ हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून घरात पेढे वाटले होते. काही महिन्यांनी गगनबावड्याच्या चढाला डॅशबोर्डवरच्या सगळ्या लाइटी एकदम लागल्या आणि स्टिअरिंग जड झालं. गाडीत बायको आणि दोन मुलं होती. त्यानंतर वर्षभर मी त्या गाडीवर किती पैसे घातले तो आकडा लिहवत नाही. त्या अनुभवानंतर मित्रांच्या, नातेवाइकांच्या बऱ्याच गाड्या बघायला गेलो आणि बघण्याचा एक क्रम ठरत गेला. तोच इथे देतोय.

घरातून निघण्याआधी

विक्रेत्याला फोनवर दोनच गोष्टी मागा: आरसीचा फोटो आणि चालू विमा पॉलिसीचा फोटो. तो आढेवेढे घेत असेल तर त्या गाडीसाठी पेट्रोल जाळू नका.

आरसीवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, धुराचा निकष बीएस-४ की नवा बीएस-६ आणि कर्जाचा बोजा हे सगळं असतं. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून तेच ताडून बघा. विम्याची आणि पीयूसीची मुदतही तिथे दिसते. ई-चलन वेगळं तपासा. थकलेली चलनं भरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर करताना अडचण येते.

पॉलिसी मात्र नीट वाचा, कारण ती फार बोलते. त्यावर आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत असते. ती ठरवायची पद्धत ठरलेली आहे: गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून दुसऱ्या वर्षात २० टक्के घट, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. पाच वर्षांपुढे विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. बाजारभाव सहसा आयडीव्हीपेक्षा थोडा वर असतो. पण विक्रेता आयडीव्हीच्या दीडपट मागत असेल तर कशासाठी, हे त्याने सांगायला हवं.

दुसरी ओळ एनसीबीची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीची. ती २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढत जाते. चार वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर एनसीबी शून्य असेल तर आदल्या मुदतीत क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता. कशाचा क्लेम, ते विचारा. पण ५० टक्के दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. माणूस जुन्या गाडीची सवलत नव्या गाडीवर घेऊन येतो.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास. मालकाला सोबत घेऊन गेलात किंवा त्यानेच मागवला तर मिळतो. त्यात दर सर्व्हिसला मीटरवर किती किलोमीटर होते ते लिहिलेलं असतं. २०२१ मध्ये ६२ हजार आणि आज मीटरवर ५५ हजार असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. बॉडीशॉपची, म्हणजे पत्रा-रंगकामाची, नोंद सापडली तर तारीख बघा. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै-ऑगस्ट २०२१ च्या, म्हणजे महापुराच्या, आसपासची असेल तर जास्तच बारकाईने बघा.

गाडी पुरात होती का

कोल्हापुरात ही पायरी सगळ्यात आधी. किमतीची बोलणी यानंतर.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, बापट कॅम्पच्या बाजूला पार्किंगमध्ये उभ्या गाड्या बुडाल्या. शिरोळ तालुक्यात आणि सांगलीत तर घरंच पाण्यात होती. जुलै २०२१ मध्ये चिपळूणही बुडालं. तेव्हा नुसता एमएच-०९ किंवा एमएच-१० नंबर बघून संशय घ्यायचा आणि एमएच-१२ बघून निश्चिंत व्हायचं, असं करू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. अशा गाड्या लिलावात स्वस्तात जातात, दुरुस्त होतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकायला उभ्या राहतात. तसं विकणं बेकायदा असतंच असं नाही. लपवून विकणं हा विश्वासघात आहे.

चारही सीटबेल्ट एकेक करून शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याची टोकाकडची वीतभर लांबी एरवी पिलरच्या, म्हणजे दाराशेजारच्या खांबाच्या, आत गुंडाळलेली असते. गाडी धुणाऱ्याचा हात तिथवर जात नाही. तिथे आडवी, सरळ, चहासारखी रेघ दिसली तर पाणी तेवढं चढलं होतं. नंतरच्या काळात मी एका पाहुण्यासोबत शहरातल्या एका गल्लीत पांढरी गाडी बघायला गेलो होतो. मागचा पट्टा ओढला आणि रेघ दिसली. विक्रेता म्हणाला, "भावा, पोरांनी चहा सांडलाय." चहा एका पट्ट्यावर सांडतो. रेघ तीन पट्ट्यांवर होती, तीही एकाच उंचीला.

नवे पट्टे बसवलेले असू शकतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळाखाली मोबाइलची बॅटरी मारा. रुळावर थोडा गंज चालतो, पण बोल्टच्या आट्यांत मातीचा थर नको. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. फ्यूज बॉक्स उघडा, स्टिअरिंगखालच्या स्कॅनरच्या सॉकेटमध्ये डोकवा. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर निघा. कार्पेटची कड उचलून फोम दाबा, बोट हुंगा. गाडीत उग्र सेंट मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. दमट वास सेंटच्या खालून वर येतोच.

बुडालेल्या गाडीचं इंजिन उघडून नीट करता येतं. वायरिंग नाही. तांबं आतून कुजत जातं आणि बिघाड वर्ष-दीड वर्षाने, वेगवेगळ्या जागी निघतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अशी गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी नवख्याने घेऊ नये.

सकाळी सातला जा

"मी येईपर्यंत गाडी चालू करू नका" असं आदल्या दिवशी सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर ती तुमच्यासाठी तापवून ठेवली आहे. थंड इंजिन लपवत नाही.

सुरू केल्यावर मागे कुणाला तरी उभं करा. डिझेलला पहिल्या झटक्यात थोडा काळा धूर चालतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर, तोही गोडसर वासाचा आणि न थांबणारा, म्हणजे कूलंट जळतंय. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करून बघा. झाकण थरथरतं इथपर्यंत ठीक, पण खालून धापा टाकल्यासारखी हवा येत असेल तर पिस्टन-रिंगा थकल्या आहेत. कूलंटच्या बाटलीत रंगीत द्रव हवा. गढूळ, गंजाळ पाणी असेल तर कुणीतरी नळाचं पाणी घालत आलंय, आणि मुळात ते का घालावं लागलं हा प्रश्न राहतो.

शक्य असेल तर स्कॅनरवाला मेस्त्री सोबत न्या. थोडे पैसे घेईल, पण ते सत्कारणी लागतील. त्याला दोन गोष्टी विचारा: काही कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, आहेत का, आणि कोड नुकतेच पुसलेत का. कोड पुसले की गाडीच्या आतल्या काही चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. शंभरेक किलोमीटर चालल्याशिवाय त्या बहुधा पूर्ण होत नाहीत. रोज वापरातली म्हणून सांगितलेली गाडी तशी दिसली तर आदल्या रात्री कुणीतरी इशाऱ्याची लाइट विझवली आहे.

ठोकलेली आहे का

बंपर बदललेला, दार रंगवलेलं, यात घाबरण्यासारखं काही नाही. लक्ष्मीपुरीच्या गर्दीत चालणाऱ्या गाडीला ओरखडे पडणारच. बघायचं ते सांगाड्याकडे. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे आतले पत्रे, म्हणजे अ‍ॅप्रन बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड ठराविक अंतरावर, गोल टिकल्यांसारखे असतात. एका बाजूला टिकल्या आणि दुसऱ्या बाजूला पुट्टीची गुळगुळीत रेघ, असं नको. दारांचे रबर ओढून पिलर बघा. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा, पान्याने रंग उडालेला असेल तर ते खोललेले आहेत. सगळ्या काचांवर कंपनीची खूण आणि वर्ष जुळतंय का बघा. एखादीच काच नवी असेल तर कारण विचारा.

या वर्गातल्या काही गाड्यांना ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत चांगले तारे मिळाले. नेक्सॉनला २०१८ मध्ये पाच, एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये पाच. लोक त्या ताऱ्यांचे पैसे मोजतात आणि ते योग्यही आहे. पण ते तारे कारखान्यातून आलेल्या सांगाड्याचे. पिलर कापून जोडलेल्या गाडीसाठी तुम्ही त्यातला एक रुपयाही देऊ नका.

पन्हाळ्याला नेऊन आणा

रंकाळ्याला एक फेरी मारून गाडी कळत नाही. शिवाजी पुलावरून रत्नागिरी रस्त्याला लागा, केर्ली, वाघबीळ आणि वर पन्हाळा. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. विक्रेता सोबत बसेल, पेट्रोल-डिझेल तुम्ही घाला.

चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. टर्बो गाडी दीड-दोन हजार आरपीएमनंतर पाठीत हात घातल्यासारखी उचलली पाहिजे. वर पोचेपर्यंत एसी चालू ठेवा आणि तापमानाकडे लक्ष ठेवा. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असेल, काही व्हेन्यू आणि सोनेटमध्ये असतो, तर चढाला मुद्दाम दोन-तीनदा थांबून सरकत-सरकत चालवा. झटके किंवा गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर ती दुरुस्ती महाग असते. उतरताना ब्रेक दाबल्यावर पायाला धडधड लागते का बघा, ती डिस्क वाकल्याची खूण. सपाटीला स्टिअरिंगवरची पकड क्षणभर हलकी करा, गाडी एका बाजूला ओढू नये. आणि शेवटी एखाद्या गावाच्या आतल्या, ऊस वाहतुकीने उखडलेल्या रस्त्यावरून काचा बंद, रेडिओ बंद करून हळू न्या. पुढून 'खट्-खट्' आलं तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. मोठा खर्च नाही, पण किमतीतून वजा करायचा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. चारही टायर एकाच सुमाराचे नसतील तर का, ते विचारा.

मॉडेलबद्दल थोडंसं

चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत, ही करासाठीची मर्यादा. त्यामुळे या वर्गातल्या बहुतेक गाड्या याच मापात आहेत. विटारा ब्रेझा २०१६ मध्ये डिझेलवर आली. २०२० पासून ती डिझेलवर येत नाही, म्हणजे डिझेल ब्रेझा दिसली की ती बीएस-४. इकोस्पोर्ट स्वस्तात मिळते कारण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. गाडी दणकट आहे, पण घेण्याआधी तुमच्या मेस्त्रीला सुट्या भागांचं विचारा. बीएस-६ डिझेलमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. रोज राजारामपुरी ते दसरा चौक एवढंच फिरणार असाल तर तो चोंदतो, तुम्ही पेट्रोलच घ्या. पुणे किंवा गोवा दर आठवड्याला होत असेल तर डिझेलला तोड नाही. आणि एप्रिल २०२३ पासूनच्या पेट्रोल गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तयार असतात. त्याआधीची घेणार असाल तर अ‍ॅव्हरेज थोडं कमी धरा आणि इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्या.

आता हिशेब

विक्रेता सांगतो ती किंमत अर्धीच गोष्ट आहे. दुसरा अर्धा भाग गाडी पहिल्या सहा महिन्यांत मागते.

उदाहरणासाठी आकडे धरू. सहा वर्षांची पेट्रोल गाडी, मागणी साडेसहा लाख. चार टायर ३२,००० (२१५/६० आर१६ हे या वर्गातलं नेहमीचं माप, स्वस्त नाही). विमा १८,०००. सस्पेन्शनचे बुश १२,०००. सर्व्हिस, ऑईल, फिल्टर ९,०००. बॅटरी ६,०००. नावावर करण्याचा खर्च ५,०००. बेरीज ८२,०००. म्हणजे गाडी साडेसहाला नाही, ७,३२,००० ला पडते.

ती तुम्ही पाच वर्षं वापरून तीन लाखाला विकलीत असं धरा. ४,३२,००० भागिले पाच, वर्षाला ८६,४००. तीच नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा लाखाला आणि पाच वर्षांनी सहा लाखाला विकली, तर वर्षाला ९०,०००. फरक ३,६०० चा! तेवढ्यासाठी वॉरंटी नसलेली गाडी का घ्यायची? जुनीच गाडी ५,६०,००० ला मिळाली तर मात्र वर्षाला ६८,४०० पडतात आणि व्यवहारात अर्थ येतो. नव्या गाडीत जास्त पैसे अडकतात हे खरं. पण जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा चढा असतो. हप्त्यावर घेणार असाल तर दोन्ही व्याजं या हिशेबात घाला.

यात एक गोष्ट बरेच जण अजून धरत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. मूळ शंभर रुपयांच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी कर आणि सेस धरून १२९ पडायचे, डिझेलला १३१. आता दोन्हीला ११८. "मी २०२३ ला अकरा लाख मोजलेत" हे विक्रेत्याचं वाक्य खरं असेल, पण तुमची तुलना आजच्या शोरूमच्या दराशी आहे. दीड लिटर पेट्रोलची ब्रेझा या मर्यादेत बसत नाही. तिच्यावरचा कर ४५ वरून ४० झाला, म्हणून तिथे फरक कमी.

बोलणी करताना आवाज चढवू नका, गाडीला नावं ठेवू नका. खर्चाचा कागद समोर ठेवा. "दादा, गाडी तुम्ही सांभाळलीय, पण टायर आणि बुश मला लगेच घालावे लागणार. एवढे कमी करा." माझा अनुभव असा की प्रामाणिक मालक कागद बघून खाली येतो.

सीमेपलीकडच्या गाड्या

निपाणी, चिकोडी, बेळगावची केए-२३, केए-२२ नंबरची गाडी बरेचदा स्वस्त दिसते. तिकडच्या आरटीओची एनओसी लागेल, महाराष्ट्राचा कर इथे भरावा लागेल आणि कर्नाटकातला उरलेला कर परत मागायला तिथल्या कार्यालयात फेऱ्या होतील. पेट्रोलला महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११ टक्के, डिझेलला १३ टक्के असा नव्या गाडीचा दर आहे. वयानुसार तो कमी होतो, तरी रक्कम छोटी नसते. ती मिळवूनच तुलना करा.

पैसे देताना

आरसीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. इसार दिला तर त्याची पावती घ्या. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात. कोऱ्या फॉर्मवर आधीच केलेल्या सह्या नकोत. एकाच राज्यातल्या व्यवहाराची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. "नाव नंतर करू" म्हणणाऱ्याला सांगा की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरसीवर ज्याचं नाव तोच अपघातात जबाबदार असं म्हटलंय. घाई त्यालाच असायला हवी. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. जुना फास्टॅग विक्रेत्याला बंद करायला लावा. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का बघा.

गाडी घरी आली की ऑईल आणि सगळे फिल्टर लगेच बदला, विक्रेत्याने कालच बदललं म्हटलं तरी. आणि पावसाळ्यात तुमचं घर नदीच्या बाजूला असेल तर राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर आल्याची बातमी कळताच गाडी उंचावर, एखाद्या नातेवाइकाच्या दारात नेऊन लावा. ४३ ची वाट बघू नका, तोवर गल्लीच्या तोंडाशी पाणी असतं. चुकून गाडी बुडालीच तर चावी फिरवू नका. बॅटरीची तार काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टोइंगनेच हलवा.